नऊशे सात सामन्यांची वाट : आइस हॉकीतील फिरत्या बचावपटूची कारकीर्द कशी घडते

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजेच एनएचएलमध्ये, एक लहानसा व्यवहार झाला. कॅरोलायना हरिकेन्स या संघाने रॉन हेन्सी हा पस्तीस वर्षांचा बचावपटू पिट्सबर्ग पेंग्विन्सला दिला आणि त्याच्या बदल्यात त्या वर्षीच्या नवोदितांच्या निवडीतला दुसऱ्या फेरीचा एक हक्क आणि डॅनी क्रिस्टो नावाचा दुय्यम लीगमधील एक आक्रमक खेळाडू घेतला. हेन्सीच्या नावावर त्या दिवशी एनएचएलचे ८९१ सामने होते आणि त्यांपैकी एकही बाद फेरीचा नव्हता. अशा व्यवहाराची बातमी चार ओळींत संपते. त्या चार ओळींमागे मात्र करार, वेतनमर्यादा, दुखापती आणि वय यांचे एक मोठे यंत्र चालू असते. ज्याला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात, त्या गावोगाव फिरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य हेच यंत्र घडवत असते. हे यंत्र समजले, की एखादा खेळाडू सात-आठ संघ का बदलतो याचा उलगडा होतो. इतके संघ बदलणे म्हणजे अपयश, हा समज किती उथळ आहे, तेही त्यातूनच कळते.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकी डोळ्यांसमोर येते, म्हणून आधी या खेळाची तोंडओळख. बर्फाचा आखाडा, ज्याला रिंक म्हणतात, एनएचएलमध्ये सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असतो आणि त्याच्या चारही बाजूंना भिंत असते. एका वेळी गोलरक्षक धरून सहा खेळाडू बर्फावर असतात : तीन आक्रमक, दोन बचावपटू आणि गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची सुमारे १७० ग्रॅम वजनाची चकती असते, तिला पक म्हणतात. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. बर्फावर पूर्ण वेगाने घसरत राहणे इतके दमवणारे असते, की खेळाडू साधारण पाऊण मिनिटाने बाहेर येतो आणि खेळ न थांबता दुसरा त्याच्या जागी उतरतो. सामन्यासाठी प्रत्येक संघ दोन गोलरक्षक आणि अठरा इतर खेळाडू सज्ज ठेवतो. त्या अठरांत बहुधा बारा आक्रमक आणि सहा बचावपटू असतात, आणि हे सहा जण तीन जोड्यांनी खेळतात.

बचावपटूच्या कामातला बहुतेक भाग गुणफलकावर येत नाही. प्रतिस्पर्धी पक घेऊन अंगावर येतो तेव्हा त्याला त्याच वेगाने पाठीमागे घसरत जावे लागते, तेही समोरच्याशी नेमके अंतर राखून. अंतर जास्त झाले तर समोरच्याला फटका मारायला मोकळीक मिळते, कमी झाले तर तो बगल देऊन निघून जातो. पक आपल्या भागाच्या कोपऱ्यात गेला की तो भिंतीलगत झगडून सोडवायचा आणि डोके वर करून पहिला पास अचूक द्यायचा असतो. तो पास चुकला तर पक पुन्हा आपल्याच गोलासमोर येतो. गोलासमोर घुसलेल्या आक्रमकाला हटवणे आणि फटक्यांच्या वाटेत स्वतःचे शरीर घालणे हेही त्याचेच काम. या लीगमध्ये फटके किती जोरकस असतात याची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो : झ्देनो खारा या बचावपटूने २०१२ मध्ये कौशल्य-स्पर्धेत मारलेल्या फटक्याचा वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर मोजला गेला होता. सामन्यातले फटके एवढे वेगवान नसले, तरी घोट्याचे किंवा बोटाचे हाड मोडायला पुरेसे असतात.

याशिवाय शिक्षेच्या मिनिटांचे काम असते. नियमभंग करणारा खेळाडू सहसा दोन मिनिटे बाहेर बसतो आणि त्याचा संघ एका खेळाडूने कमी पडतो. ती दोन मिनिटे निभावून नेणारे बचावपटू प्रत्येक संघाला लागतात. या कामात वेगवान पायांपेक्षा खेळ वाचण्याची नजर अधिक उपयोगी पडते, आणि नजर वयाबरोबर पक्व होते. पंचविशीत अडखळणारा बचावपटू तिशीत स्थिर झाल्याची उदाहरणे या खेळात पुष्कळ आहेत. फिरत्या बचावपटूची कारकीर्द लांबते, त्यामागचे खरे कारण हेच आहे असे मला वाटते.

आता तीन जोड्यांचा क्रम पाहू. पहिल्या जोडीतले बचावपटू एका सामन्यात पंचवीस मिनिटांच्या आसपास खेळतात, तिसऱ्या जोडीतले पंधराच्या आसपास. संघाच्या यादीत एकूण २३ खेळाडूंना जागा असते, त्यामुळे सहांखेरीज सातवा आणि कधी आठवा बचावपटूही असतो. हा सातवा माणूस रोज सराव करतो, संघाबरोबर प्रवास करतो, आणि सामन्याच्या संध्याकाळी सूट घालून वर प्रेक्षागारात बसतो. दुखापत नसताना बाहेर बसणे मानसिकदृष्ट्या फार कठीण असते, कारण पुढची संधी कधी येईल हे त्याच्या हातात नसते. सहांपैकी कोणी जायबंदी झाला तरच त्याची पाळी येते. दोघे-तिघे एकदम जायबंदी झाले तर बाहेरून माणूस आणावा लागतो. ऐंशीहून अधिक सामन्यांच्या हंगामात ही वेळ जवळजवळ प्रत्येक संघावर येते आणि फिरत्या बचावपटूच्या कामाला मागणी निर्माण होते ती तेथून.

हेन्सीची सुरुवात मात्र फिरत्या खेळाडूसारखी मुळीच नव्हती. तो अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या बोल्टन या गावचा. युमास लोवेल या विद्यापीठाकडून खेळत असताना २००० सालच्या नवोदितांच्या निवडीत मॉंट्रियल कॅनेडियन्सने त्याला पहिल्याच फेरीत, एकूण तेराव्या क्रमांकावर निवडले. या निवडीची पद्धत अशी, की संघ ठरावीक क्रमाने जगभरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर हक्क सांगतात. मुलाला एनएचएलमध्ये यायचे असेल तर त्या काळात तो हक्क सांगणाऱ्या संघाशीच करार करू शकतो. पहिला करार साचेबंद असतो. विशी-एकविशीतल्या खेळाडूसाठी तो तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या वेतनाला वरची मर्यादा असते. तेराव्या क्रमांकाच्या मुलाने तिशी गाठेपर्यंत एकाच संघाचा आधारस्तंभ व्हावे अशी अपेक्षा असते.

तसे झाले नाही. एनएचएलच्या प्रत्येक संघाला खालच्या अमेरिकन हॉकी लीगमधला, म्हणजे एएचएलमधला, एक संघ जोडलेला असतो. त्याच्याही खाली ईसीएचएल नावाची लीग आहे. तरुणांना तयार करणे आणि वरच्या संघाला लागतील तेव्हा माणसे पुरवणे ही एएचएलची दोन कामे. हेन्सी मॉंट्रियलकडून दोन हंगामांत मिळून तीसच्या आसपास सामने खेळला आणि बाकीचा काळ त्याने क्युबेक आणि हॅमिल्टन येथील एएचएल संघांत काढला. २००४-०५ चा एनएचएल हंगाम तर मालक आणि खेळाडू यांच्यातल्या टाळेबंदीमुळे पूर्णच रद्द झाला.

खेळाडूला खाली पाठवताना त्याच्या खिशावर काय परिणाम होतो ते येथे सांगायला हवे. अनेकांचे करार दुहेरी असतात : एनएचएलमध्ये असताना एक वेतन, एएचएलमध्ये असताना दुसरे. वेतन हंगामातल्या दिवसांवर मोजले जाते. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचे किमान वेतन ७,७५,००० डॉलर होते, म्हणजे दिवसाला साधारण चार हजार डॉलर. समजा त्याच खेळाडूचे एएचएलमधले वेतन वर्षाला एक लाख डॉलर असेल, तर खाली गेल्यावर त्याचा दिवस पाचशे डॉलरच्या आसपास येतो. सकाळी प्रशिक्षकाने बोलावून दिलेला एक निरोप आणि त्या दिवशीच्या कमाईत इतका फरक! एकेरी करारात ही घसरण होत नाही, म्हणून फिरत्या खेळाडूचा प्रतिनिधी एकेरी करारासाठी जिवाचे रान करतो. दुहेरीच करार घ्यावा लागला, तर निदान एका विशिष्ट रकमेची हमी मिळवण्याचा तो प्रयत्न करतो.

यानंतर येतो वेव्हर्सचा नियम, जो या कारकिर्दीचा सर्वांत महत्त्वाचा सांधा आहे. नव्या खेळाडूंना ठरावीक वर्षे किंवा ठरावीक सामने पूर्ण होईपर्यंत यातून सूट असते, त्यामुळे संघ त्यांना वाटेल तेव्हा वर-खाली करू शकतो. सूट संपल्यावर खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायचे असेल, तर त्याचे नाव आधी चोवीस तास इतर सर्व संघांपुढे ठेवावे लागते. त्या अवधीत कोणत्याही संघाला तो त्याच्या चालू करारासह घेता येतो, आणि एकाहून अधिक संघांनी मागणी केली तर गुणतक्त्यात सर्वांत खाली असलेल्याला प्राधान्य मिळते. कोणीच घेतले नाही तर तो खाली जातो. आयपीएलच्या लिलावात खेळाडू आपले नाव स्वतः नोंदवतो. वेव्हर्समध्ये त्याचे मत कोणी विचारत नाही. एकदा कोणी न उचललेला खेळाडू वरच्या संघात परत आला, तर तेथे तीस दिवस राहीपर्यंत किंवा दहा सामने खेळेपर्यंत त्याला पुन्हा वेव्हर्सशिवाय खाली पाठवता येते. संघाचे अधिकारी हे दिवस आणि सामने काटेकोर मोजत असतात. एखादा बचावपटू चांगला खेळत असतानाही नवव्या सामन्यानंतर अचानक खाली गेलेला दिसतो, तो या मोजणीमुळे.

दिसताना हा नियम निर्दय वाटतो, पण तो मुळात खेळाडूच्या हिताचा आहे. तो नसता, तर एखाद्या श्रीमंत संघाने डझनभर लायक बचावपटू खालच्या लीगमध्ये अडकवून ठेवले असते. हेन्सीचेच पाहा. नोव्हेंबर २००५ मध्ये कोलंबस ब्लू जॅकेट्सने त्याला मॉंट्रियलकडून वेव्हर्सवरून उचलले. पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू पाच वर्षांनी मोबदल्यावाचून दुसऱ्याच्या हाती गेला, हा मॉंट्रियलच्या दृष्टीने तोटा होता. हेन्सीला मात्र तेथूनच खरी कारकीर्द मिळाली. कोलंबस तेव्हा दुबळा आणि नवा संघ होता, म्हणून बर्फावर मिनिटे भरपूर मिळत होती. त्या मिनिटांत तो नियमित बचावपटू झाला आणि आक्रमणातही हातभार लावू लागला.

ठरावीक वर्षे खेळल्यानंतर खेळाडू पूर्णपणे मुक्त होतो. आताच्या नियमानुसार हे वय सत्तावीस वर्षे किंवा सात हंगाम असे आहे. मुक्त झाल्यावर तो कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो, आणि पारंपरिकरीत्या हा बाजार १ जुलैला उघडतो. २००८ च्या जुलैत हेन्सीने अटलांटा थ्रॅशर्सशी पाच वर्षांचा, २ कोटी २५ लाख डॉलरचा करार केला. पहिल्याच हंगामात त्याने १२ गोल आणि २७ साहाय्ये अशी एकूण ३९ गुणांची कामगिरी केली, जी त्याची आयुष्यातली सर्वोत्तम ठरली. आता हा माणूस स्थिरावला असे वाटावे, तर २०११ मध्ये संघच विकला गेला आणि कॅनडातल्या विनिपेगला हलला. कराराचा एक शब्दही न बदलता हेन्सीने जॉर्जियातले उबदार शहर सोडून मॅनिटोबाच्या कडाक्याच्या थंडीत बिऱ्हाड केले. थ्रॅशर्सचे तेव्हा जेट्स झाले. बाद फेरी मात्र अटलांटातही आली नाही आणि विनिपेगमधल्या त्याच्या दोन हंगामांतही आली नाही.

येथे वेतनमर्यादेचा भाग समजून घ्यावा लागेल, कारण तिशीनंतर ज्या शक्तीने त्याला हलवले ती हीच. २००५ मध्ये टाळेबंदी उठली तेव्हा प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाखांवर पोहोचली. ही मर्यादा ओलांडता येत नाही. संघ आपल्या दोन-तीन ताऱ्यांना मोठी रक्कम देतो, पहिल्या जोडीच्या बचावपटूंना बऱ्यापैकी देतो, आणि उरलेल्या पैशांत उरलेल्या जागा भरतो. तळाच्या जागांसाठी दोन प्रकारची माणसे परवडतात : पहिल्या करारावरची तरुण मुले आणि वर्षभराच्या स्वस्त करारावर यायला तयार असलेले अनुभवी. मधल्या रकमेचा, मधल्या दर्जाचा बचावपटू या गणितात सर्वांत आधी अडचणीचा ठरतो.

२०१२ च्या शरद ऋतूत पुन्हा टाळेबंदी झाली. हेन्सी त्या वाटाघाटींत खेळाडूंच्या बाजूने प्रत्यक्ष बसणाऱ्यांपैकी होता. जानेवारी २०१३ मध्ये तडजोड झाली, हंगाम ४८ सामन्यांवर आला आणि पुढच्या वर्षासाठी वेतनमर्यादा ६ कोटी ४३ लाखांपर्यंत खाली आणली गेली. संघांकडे पैसा कमी आणि बाजारात माणसे जास्त, अशी स्थिती झाली. वर्षाला सरासरी ४५ लाख डॉलर घेणारा, अकरा वर्षांच्या अनुभवाचा, बत्तीस वर्षांचा हेन्सी जुलै आणि ऑगस्ट दोन्ही महिने बिनकरारी राहिला. सप्टेंबरमध्ये, सराव शिबिरे सुरू होण्याच्या तोंडावर, कॅरोलायनाने त्याला एका वर्षासाठी २० लाख डॉलर दिले. त्याच्या खेळात एका उन्हाळ्यात असा कोणता बदल झाला होता? माझ्या मते काहीच नाही. बदलला होता तो बाजार. फिरत्या खेळाडूविषयी बोलताना खेळाडूचा दर्जा आणि त्या क्षणी असलेली त्याची किंमत यांची गल्लत करू नये, असे मला ठामपणे वाटते.

कॅरोलायनात त्याने भूमिका बदलली, आणि त्याची कारकीर्द लांबली ती या बदलामुळे. गुण मिळवणाऱ्या बचावपटूऐवजी तो सामन्याला वीस मिनिटे शांतपणे खेळणारा, शिक्षेची मिनिटे सांभाळणारा, तरुण जोडीदाराला आधार देणारा बचावपटू झाला. तो डाव्या हाताने पक मारणारा; पण उजवी बाजूही सांभाळू शकत असे. याला या खेळात मोठी किंमत असते, कारण उजव्या हाताचे बचावपटू संख्येने कमी असतात आणि प्रत्येक संघाची उजवी बाजू कधी ना कधी उघडी पडते. एका वर्षाच्या करारानंतर कॅरोलायनाने त्याला आणखी तीन वर्षे ठेवून घेतले. तो करार २०१७ च्या उन्हाळ्यात संपणार होता.

आता त्या फेब्रुवारीतल्या व्यवहाराकडे पाहा. दर हंगामाच्या शेवटाकडे अदलाबदलीची एक अंतिम तारीख असते. जे संघ बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडलेले असतात, ते उन्हाळ्यात करार संपणारे अनुभवी खेळाडू विकून भविष्यातल्या निवडीचे हक्क मिळवतात. हंगाम संपल्यावर तो खेळाडू मुक्त होऊन फुकट जाणारच असतो. जे संघ विजेतेपदाच्या आशेवर असतात, त्यांना या तारखेपर्यंत बचावाची भोके बुजवायची असतात. अंतिम तारखेनंतर २३ खेळाडूंची मर्यादाही उठते, म्हणून एखादा जास्तीचा बचावपटू बाळगणे तेव्हा सोयीचे होते. विकणारा संघ खेळाडूच्या वेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग स्वतःकडे ठेवू शकतो, त्यामुळे घेणाऱ्याला तो वेतनमर्यादेत बसवता येतो. करार संपत आलेला, अनुभवी, दोन्ही बाजूंना खेळणारा बचावपटू या बाजारात सर्वांत खपणारा माल असतो. पिट्सबर्गचे अनेक बचावपटू त्या सुमारास जायबंदी होते. आदल्या वर्षीच्या विजेत्या या संघाला खात्रीचा माणूस हवा होता, तारा नव्हे.

पुढे गरज आणखी वाढली. पिट्सबर्गचा सर्वोत्तम बचावपटू क्रिस लेटांग याच्या मानेवर एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो बाद फेरीला मुकला. तिसऱ्या जोडीसाठी आणला जावा अशा वयाचा हेन्सी पहिल्या जोडीत ब्रायन डुमुलिनच्या शेजारी उभा राहिला. पिट्सबर्गसाठी १६ साखळी सामने खेळून, एकूण ९०७ सामन्यांनंतर, तो १२ एप्रिल २०१७ रोजी आयुष्यातल्या पहिल्या बाद फेरीच्या सामन्यात उतरला. समोर संघ होता कोलंबस, ज्याने साडेअकरा वर्षांपूर्वी त्याला वेव्हर्सवरून उचलले होते. तोपर्यंत लीगच्या इतिहासात एवढी प्रतीक्षा कोणाच्याही वाट्याला आली नव्हती. (हा विक्रम पुढे २०२५ मध्ये जेफ स्किनर या आक्रमकाने मागे टाकला, आणि तो कॅरोलायनातला हेन्सीचाच जुना सहकारी.) कोलंबस, वॉशिंग्टन आणि ओटावा यांना हरवून पिट्सबर्ग अंतिम फेरीत पोहोचला. वॉशिंग्टन आणि ओटावाविरुद्धच्या दोन्ही मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणल्या गेल्या होत्या. ११ जूनला नॅशव्हिलमध्ये पिट्सबर्गने अंतिम मालिकेतला सहावा सामना आणि त्याबरोबर विजेतेपदही जिंकले.

एनएचएलच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅन्ली चषकाची एक रीत आहे. लीगचे आयुक्त तो कर्णधाराच्या हाती देतात, कर्णधार तो डोक्यावर उचलून बर्फावर फेरी मारतो आणि मग स्वतः निवडलेल्या एका सहकाऱ्याकडे सोपवतो. ही निवड संघाच्या मनात कोणाविषयी काय आहे ते सांगते. सिडनी क्रॉस्बीने त्या रात्री चषक पहिल्यांदा हेन्सीच्या हाती दिला, संघात येऊन चार महिनेही न झालेल्या माणसाच्या. चषकावर नाव कोरले जाण्यासाठी त्या संघाकडून निम्मे साखळी सामने किंवा अंतिम मालिकेतला एक तरी सामना खेळलेला असावा लागतो. सोळा सामन्यांच्या बळावर हेन्सीचे नाव कोरले गेले नसते. अंतिम मालिकेमुळे ते कोरले गेले.

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येईल. त्याच जुलैत टोरोंटो मेपल लीफ्सने त्याला दोन वर्षांसाठी घेतले आणि मॉर्गन रिली या तरुण बचावपटूच्या शेजारी उजव्या बाजूला खेळवले. छत्तिसाव्या वर्षीही तो सामन्याला वीसहून अधिक मिनिटे खेळत होता. शेवटचा हंगाम ओटावा सेनेटर्सकडे एका वर्षाच्या करारावर झाला, आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तो अर्धवट थांबला. एकूण ११३२ साखळी सामने.

हेन्सी नशीबवान फिरस्ता होता, हे विसरू नये. या वाटेवरचे बहुतेक बचावपटू एनएचएलच्या उंबरठ्यावरच आयुष्य काढतात. ब्रायन हेल्मर हा कॅनडातल्या सू सेंट मेरीचा बचावपटू नवोदितांच्या निवडीत कोणाकडूनच निवडला गेला नव्हता. एनएचएलमध्ये त्याला चार संघांकडून मिळून दीडशेपेक्षा कमी सामने मिळाले, पण एएचएलमध्ये तो १११७ सामने खेळला आणि ५६४ गुणांसह तेथील बचावपटूंमध्ये विक्रमी ठरला. २००९ आणि २०१० मध्ये, वयाच्या छत्तिशी-सदतिशीत, त्याच्या नेतृत्वाखाली हर्शी बेअर्सने एएचएलचा काल्डर चषक सलग दोनदा जिंकला. पुढे त्याच संघाच्या व्यवस्थापनाची धुरा त्याच्याकडे आली आणि २०२३ व २०२४ मध्ये हर्शीने पुन्हा तो चषक मिळवला. अशा अनुभवी माणसांचे खरे काम वीस वर्षांच्या मुलांना व्यावसायिक जगणे शिकवणे हे असते : कधी झोपायचे, लांबच्या बसप्रवासानंतर पाय कसे मोकळे करायचे, खाली पाठवल्याचा राग सरावात कसा येऊ द्यायचा नाही.

पण एएचएलमध्येही वय झालेल्यांसाठी जागा मोजक्याच असतात. ती शिकण्याची लीग असल्यामुळे सामन्यात उतरणाऱ्या अठरा खेळाडूंपैकी तेरा जण विकसनशील गणले जाणारे असावे लागतात. त्यांपैकी बारा जणांचे व्यावसायिक सामने २६० पर्यंत आणि एकाचे ३२० पर्यंत असले तर चालतात. म्हणजे पाच-सहा वर्षे खेळलेल्या बचावपटूला उरलेल्या पाच जागांसाठी झगडावे लागते, तेही आक्रमकांसकट. अनेक जण युरोपकडे वळतात, ते या नियमाचा रेटा बसल्यावर.

युरोपात रशियाभोवतीची केएचएल, स्वीडनची एसएचएल, फिनलंडची लीगा, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, जर्मनीची डीईएल अशा सशक्त लीग आहेत. सामने कमी, केएचएल वगळता प्रवास छोटा, आणि करारात अनेकदा राहायला घर व वापरायला मोटार. अट एवढीच, की काही लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बंधन असते. स्वित्झर्लंडमध्ये एका सामन्यात सहाच परदेशी खेळवता येतात. त्यामुळे परदेशी बचावपटूने स्थानिकापेक्षा ठळकपणे चांगले असावे लागते. वाईट खेळाचा एक महिनाही परवडत नाही. अनेक लीगची रिंकही रुंद असते, साठ बाय तीस मीटरपर्यंत. तेथे अंगावर जाऊन अडवण्यापेक्षा जागा झाकणे आणि पक फिरवणे महत्त्वाचे ठरते. उत्तर अमेरिकेत मंद समजला गेलेला, पण पास अचूक देणारा बचावपटू तेथे एकदम फुलू शकतो.

क्रिस ली याचे उदाहरण मला या सगळ्यांत सर्वांत प्रिय आहे. ऑन्टॅरियोतल्या मॅकटियर या खेड्यातला हा मुलगा. त्याला कोणत्याही संघाने निवडले नाही. तो अमेरिकेतल्या पॉट्सडॅम येथील लहान महाविद्यालयाकडून, तिसऱ्या दर्जाच्या विभागात खेळला. मग ईसीएचएल, मग एएचएल, मग कोलोन आणि मॅनहाइम, मग स्वीडनमधील फार्येस्टाड, आणि शेवटी उरल पर्वताच्या कुशीतले पोलाद-शहर मॅग्नितोगोर्स्क. तेथे त्याने २०१४ आणि २०१६ असे दोनदा केएचएलच्या विजेतेपदाचे गागारिन चषक जिंकले. २०१६-१७ मध्ये ६५ गुण मिळवून त्याने केएचएलमधील बचावपटूंचा हंगामातील विक्रम केला. छत्तिसाव्या वर्षी तो कॅनडाकडून जागतिक स्पर्धेत रौप्य पदक विजेत्या संघात होता, आणि पुढच्या वर्षी, एनएचएलने आपले खेळाडू प्याँगचांग ऑलिंपिकला न पाठवल्यामुळे, कॅनडाने ली आणि त्याच्यासारख्या फिरत्या व्यावसायिकांचा संघ उतरवून कांस्य पदक मिळवले. एनएचएलमध्ये एकही सामना न खेळलेला माणूस ऑलिंपिक पदक विजेता झाला.

या सगळ्या हालचालींचा भार घरावर पडतो, आणि त्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत नसते. अदलाबदल झालेल्या खेळाडूने लगेच नव्या शहरात हजर व्हायचे असते, बहुधा दुसऱ्या दिवशीच्या सरावाला. घर आवरणे, मुलांच्या शाळा, भाडेकरार, मोटारी हलवणे हे सगळे मागे राहिलेल्या जोडीदाराच्या अंगावर येते. मोठ्या खेळाडूंना करारात अदलाबदलीला नकार देण्याचे कलम मिळवता येते. तळाच्या जोडीतल्या बचावपटूला ते क्वचितच मिळते. एका वर्षाच्या करारावर असलेले कुटुंब घर विकत घ्यायला धजावत नाही. खाली पाठवलेल्या खेळाडूला दोन शहरांत दोन घरांचे भाडे भरावे लागते, असाही काळ येतो.

हेन्सी निवृत्तीनंतर खेळाडूंच्या संघटनेत कामाला लागला आणि तिचा साहाय्यक कार्यकारी संचालक झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात लीग आणि संघटना यांच्यात जो नवा सामूहिक करार मंजूर झाला, तो सप्टेंबर २०२६ पासून लागू होणार असे ठरले. त्यात हंगाम ८४ सामन्यांचा आणि किमान वेतन २०२६-२७ मध्ये ८,५०,००० डॉलर करण्याचे, तर २०२९-३० पर्यंत ते १० लाखांवर नेण्याचे कलम आहे. वर्षभराच्या करारावर सातव्या बचावपटूची जागा धरणाऱ्या खेळाडूचे वेतन या कलमाने थेट वाढते.